शब्द सापडतो कसा, हरवतो कसा

'रेशनकार्डवर सुनेचे नाव कसे चढवायचे' असे ब्राउझरच्या पट्टीत लिहिले, तर शोधयंत्र काहीतरी दाखवतेच. पाच-सात व्हिडिओ, दोन-तीन बातम्या, एखाद्या सेवाकेंद्राची जाहिरात. मूळ सरकारी अर्ज मात्र बराच खाली दडलेला असतो, कारण त्यावर 'रेशनकार्ड' हा शब्द नसतो, 'सून' नसते आणि 'चढवणे' तर मुळीच नसते. तिथे लिहिलेले असते, 'शिधापत्रिकेत नवीन सदस्याचे नाव समाविष्ट करणे'. आपण बोलतो ती एक मराठी आणि कागदावर उतरते ती दुसरी. या दोहोंतले अंतर ओळखता आले की शोधण्याचे निम्मे कसब हाती आले.

उरलेले निम्मे वेगळ्या ठिकाणी आहे. ब्राउझरमध्ये शोध दोन प्रकारचा असतो आणि बहुतेकांना तो एकच वाटतो. एक, वरच्या पट्टीत शब्द लिहून सगळ्या वेबवर घेतलेला शोध. दुसरा, उघडलेल्या पानातच एखादा शब्द कुठे आहे ते पाहणे. पहिला शोध अंदाज बांधतो. शुद्धलेखन चुकले तरी सांभाळून घेतो, 'दवाखाना' लिहिले तर 'रुग्णालय' असलेली पानेही पुढे करतो, तुम्ही पुण्यात आहात की पणजीत हेही ध्यानात घेतो. दुसरा हट्टी आहे. दिलेली अक्षरे दिलेल्या क्रमाने सापडली तर 'आहे' म्हणणार, नाहीतर 'नाही'. पहिल्याकडून काटेकोरपणाची आणि दुसऱ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा केली की माणूस वैतागतो, आणि दोष संगणकाला देतो.

पहिल्याचा इतिहास फार जुना नाही. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टाज या विद्यार्थ्याने 'आर्ची' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. दूरदूरच्या संगणकांवर सार्वजनिक ठेवलेल्या फायलींच्या नावांची तो यादी करून ठेवायचा. फायलीच्या आत काय आहे याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी 'याहू' सुरू केले तेही माणसांनी हाताने लावलेली विषयवार यादी म्हणून. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टनच्या 'वेबक्रॉलर'ने पानातला प्रत्येक शब्द शोधण्याची सोय केली. १९९५ च्या डिसेंबरात 'अल्टाव्हिस्टा' आले, १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचे 'गूगल'. पुढचे सर्वांना माहीत आहे.

माहीत नसते ते वेगळेच. आपण शब्द लिहून एंटर दाबले की यंत्र जगभरची पाने धुंडाळायला निघते, असा अनेकांचा समज असतो. तसे काही होत नाही. पाने धुंडाळण्याचे काम आधीच झालेले असते. शोधयंत्राचे प्रोग्रॅम एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांमागून दुवे धरत अखंड फिरत असतात, पाने वाचतात आणि त्यातल्या शब्दांची सूची करून ठेवतात. पुस्तकाच्या शेवटी 'कालवे: पृष्ठ १२, ८८, १४०' अशी सूची असते, तशीच ही, फक्त पृष्ठांच्या जागी वेबपाने. आपण विचारतो तेव्हा यंत्र ही सूची उघडते. म्हणूनच निकाल क्षणात येतो, आणि म्हणूनच आज सकाळी एखाद्या कार्यालयाने चढवलेले पान दुपारी शोधात दिसेलच असे नाही.

सूचीतून लाखो पाने निघाली तर वर कोणते ठेवायचे? इथे दोन कल्पना मोलाच्या ठरल्या. पहिली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांची, १९७२ ची, म्हणजे वेबच्या कितीतरी आधीची. जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला शोधात जास्त वजन द्यावे, सगळीकडे येणाऱ्या शब्दाला कमी. 'आहे', 'कसे', 'साठी' यांनी काही साधत नाही; 'शिधापत्रिका' या एका शब्दाने बरेच साधते. दुसरी कल्पना पेज आणि ब्रिन यांची. ज्या पानाकडे इतर पाने दुवे देतात ते पान वजनदार, आणि वजनदार पानाने दिलेला दुवा आणखी वजनदार. आज यात शेकडो गोष्टी मिसळल्या आहेत, पण पाया हाच.

यातून व्यवहाराचा एक नियम निघतो. पट्टीत आपला प्रश्न लिहू नये. ज्याने उत्तर लिहून ठेवले असेल त्याचे शब्द लिहावेत. महसूल खात्याचे पान हवे असेल तर 'वडिलांच्या जमिनीला नाव लावणे' यापेक्षा 'वारस नोंद फेरफार' कामाला येते. 'जातीचा दाखला' ऐवजी 'जात प्रमाणपत्र', 'लग्नाचा दाखला' ऐवजी 'विवाह नोंदणी प्रमाणपत्र'. उलटही खरे आहे. फोडणीच्या भाताची कृती शोधताना 'शिळा भात' लिहावे. कुणीही गृहिणी 'उर्वरित ओदन' असे लिहिणार नाही. सरकारी मराठीची आपण पुष्कळ थट्टा करतो, पण ती शब्द बदलत नाही, आणि शोधणाऱ्याला हा गुण फार उपयोगी पडतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांच्यासह अभिजात भाषेचा दर्जा दिला. आता हा दर्जा कोणत्या निकषांवर मिळतो, ते मुळातून पाहायचे आहे. नुसते 'मराठी अभिजात भाषा' लिहिले की अभिनंदनाचे लेख, भाषणे आणि दिंड्यांचे फोटो यांचा पूर येतो. 'निकष' हा शब्द जोडला की पूर ओसरतो, पण उरलेली पाने बहुतेक वर्तमानपत्रांची असतात, म्हणजे एकाचे वाचून दुसऱ्याने लिहिलेली. मग शोध एकाच संकेतस्थळापुरता बांधायचा. इंग्रजी लिपीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलन, आणि त्यालाही चिकटून पत्र सूचना कार्यालयाचा पत्ता, म्हणजे पीआयबी डॉट गव्ह डॉट इन. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. (मराठी कळफलक चालू असेल तर कोलनच्या जागी विसर्ग उमटू शकतो. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण विसर्गाने काम होत नाही.) आता केंद्र सरकारचे मूळ प्रसिद्धीपत्रक हाताशी येते. ते लांब आहे. त्यात कंट्रोल-एफ दाबून '2005' शोधले की आपण थेट मुद्द्यावर उतरतो. २००४ मध्ये तमिळला दर्जा देताना हजार वर्षांहून जुने वाङ्मय पुरेसे मानले होते, २००५ मध्ये ती अट १५०० ते २००० वर्षे अशी वाढवली. आधी वेबवरचा शोध, मग पानातला, आणि बातम्यांचे ढीग बाजूला सारून मूळ कागद हातात.

शोध बांधायच्या आणखी खुणा आहेत, पण त्यातल्या दोन-तीनच रोज लागतात. शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत टाकला की तो जसाच्या तसा असलेली पाने मिळतात. कुणाच्या नावावर खपवलेले 'सुविचार' खरे की खोटे हे तपासायला यासारखे साधन नाही. शब्दाला चिकटून आधी उणे चिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने वगळली जातात. 'रायगड -किल्ला' लिहिले तर जिल्ह्याची पाने वर येण्याची शक्यता वाढते. इंग्रजीत 'फाइलटाइप', कोलन आणि 'पीडीएफ' लिहिले की फक्त पीडीएफ. बाकीच्या खुणा येतात आणि जातात. अधिकचे चिन्ह देऊन एखादा शब्द सक्तीचा करण्याची सोय गूगलने २०११ मध्ये काढून घेतली, तेव्हा जुन्या जाणकारांनी पुष्कळ हळहळ केली.

ब्राउझरची पट्टी आणि शोधयंत्र या दोन गोष्टी निराळ्या आहेत हे आता सांगूनही पटत नाही, इतक्या त्या एकजीव झाल्या आहेत. पूर्वी फायरफॉक्समध्ये पत्ता लिहायची पट्टी वेगळी आणि उजवीकडे शोधाची चौकट वेगळी असे. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने दोन्ही एकाच पट्टीत घातले आणि बाकीचे हळूहळू त्याच वाटेने गेले. सोय झाली, पण एक परिणाम लक्षात राहात नाही. तुम्ही पट्टीत अक्षरे लिहिता तशी ती सूचना मिळवण्यासाठी शोधकंपनीकडे जात असतात, एंटर दाबण्याआधीच. नको असेल तर सेटिंग्जमध्ये हे बंद करता येते, आणि शोधयंत्रही बदलता येते. फार थोडे लोक बदलतात. ही आळशी सवय किती मोलाची आहे याचा आकडा गूगलविरुद्ध अमेरिकेत चाललेल्या खटल्यात बाहेर आला. ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आपलेच यंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात इतर कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने शोधाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निकाल दिला.

हीच पट्टी तुमच्या स्वतःच्या ब्राउझरमध्येही शोधते, आणि ही सोय वाया जाते. गेल्या आठवड्यात वाचलेला लेख पुन्हा वेबवर कशाला शोधायचा? फायरफॉक्सच्या पट्टीत ^ हे चिन्ह आणि एक जागा सोडून शब्द लिहिला तर शोध फक्त पूर्वी पाहिलेल्या पानांत होतो, * दिले तर जपून ठेवलेल्या खुणांत, % दिले तर उघड्या टॅबमध्ये. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबले की उघड्या टॅबची यादी शोधता येते. चाळीस टॅब उघडे ठेवून बसणाऱ्यांनी एवढे तरी शिकून घ्यावे.

वेबवरच्या शोधात एक जागा धोक्याची आहे, तिच्याबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. बँकेचा, कुरिअरचा किंवा गॅस एजन्सीचा ग्राहकसेवा क्रमांक वेबवर शोधू नका. वरच्या ओळी पुष्कळदा जाहिराती असतात, त्यावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. खोटे क्रमांक पेरून ठेवलेली पाने भामटे मुद्दाम तयार करतात. घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो क्रमांक फिरवतो, आणि पलीकडचा 'साहेब' ओटीपी मागतो. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो घ्यावा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर हलवायला सांगितले ते याच कारणाने. पत्त्याचा शेवट पाहून खरे-खोटे ओळखता यावे. पैसे गेलेच तर तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक १९३० आहे. तो मात्र पाठ असू द्यावा.

शोधयंत्राच्या सूचीत कधीच न येणारा मजकूरही अफाट आहे. सातबारा घ्या. महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक दिला की उतारा त्या क्षणी तयार होतो. त्याआधी तो पान म्हणून कुठेच नसतो, मग सूची करणाऱ्याला दिसणार कसा? न्यायालयांतल्या खटल्यांचेही तसेच. तिथे १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक लागतो. शासन निर्णयांच्या शेवटच्या परिच्छेदात एक लांबलचक संगणक संकेतांक छापलेला असतो. तो रिकाम्या शोभेसाठी नसतो, त्या आकड्याने तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर नेमका उघडतो. कुणी निर्णयाचा फोटो पाठवला तर आधी हा संकेतांक टिपावा. अशा वेळी दार कुठे आहे एवढेच शोधयंत्राला विचारायचे, आणि आत गेल्यावर तिथलाच अर्ज भरायचा.

आता दुसरा शोध. २०११ मध्ये गूगलमध्ये लोकांच्या शोधसवयींचा अभ्यास करणारे डॅनियल रसेल यांनी 'द अटलांटिक' या अमेरिकी मासिकाला सांगितले होते की, त्यांनी पाहिलेल्या लोकांपैकी ९० टक्क्यांना पानात शब्द शोधण्यासाठी कंट्रोल आणि एफ दाबायचे असते हे ठाऊकच नव्हते. लोक लांबलचक पान वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी चाळत बसायचे. आज मोबाइलवर तर परिस्थिती आणखी वाईट असावी, कारण तिथे कंट्रोल कळ नाही आणि सोय मेनूत लपलेली आहे. क्रोममध्ये तीन टिंबांवर बोट ठेवले की 'फाइंड इन पेज' मिळते. आयफोनच्या सफारीत ती पानाच्या किंवा शेअरच्या मेनूत असते. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. शब्द लिहिला की तो किती ठिकाणी आहे याचा आकडा येतो. एंटरने पुढच्या ठिकाणी जाता येते, शिफ्ट धरून एंटर दाबले की मागच्या. क्रोम उजव्या कडेच्या पट्टीवर पिवळ्या रेघाही मारते. रेघा कुठे दाट झाल्या आहेत ते पाहिले की पानाचा कोणता भाग आपल्या कामाचा ते न वाचता कळते. परीक्षेच्या यादीत आपला बैठक क्रमांक, सोसायटीच्या इतिवृत्तात 'पार्किंग', दोनशे पानी निविदेत 'अनामत', सगळीकडे हेच.

संगणक एवढ्या झटक्यात शब्द कसा शोधतो, याची एक गंमत आहे. १९७७ मध्ये रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रॉदर मूर यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. आपण शब्द पहिल्या अक्षरापासून जुळवतो. त्यांनी शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. 'कळसूबाई' शोधायचे आहे, अक्षरे पाच. मजकुराचे पाचवे अक्षर पाहा. ते 'त' निघाले, आणि 'त' तर 'कळसूबाई'त कुठेच नाही. म्हणजे पहिल्या पाच जागांपैकी कुठूनही हा शब्द सुरू होऊ शकत नाही. मधली चार अक्षरे न पाहताच थेट दहाव्या अक्षरावर उडी मारायची. शोधायचा शब्द जितका लांब तितकी उडी मोठी, म्हणजे लांब शब्द लवकर सापडतो. न वाचता वाचण्याची ही युक्ती मजकूर शोधणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये आजही वापरात आहे.

पण ही सगळी हुशारी अक्षरांपुरती. शब्दाचे रूप बदलते याची पानातल्या शोधाला कल्पना नाही, आणि मराठीत तर शब्द विभक्तीला टेकला की रूप बदलतोच. पानभर पावसाचे वर्णन आहे आणि तुम्ही 'पाऊस' शोधलात, तर 'पावसाने', 'पावसात', 'पावसाळी' यांतले एकही सापडणार नाही. 'देऊळ' लिहिलेत की 'देवळात' सुटले. 'पाणी' लिहिलेत की 'पाण्याचा' गेले. 'कोल्हापूर' दीर्घ आणि 'कोल्हापुरात' ऱ्हस्व. इंग्रजीच्या सवयीने अख्खे मूळ रूप लिहिणे हीच मराठी वाचकाची मोठी अडचण आहे. उपाय सोपा: न बदलणारा तुकडा लिहावा. 'कोल्हा' लिहिले की 'कोल्हापूर', 'कोल्हापुरात', 'कोल्हापुरी' सगळे येतात. 'साता' लिहिले की 'सातारा', 'साताऱ्याला', 'सातारकर'. ('कोल्हा' आणि 'साताचा' असे शब्दही अधूनमधून येतील, तेवढे सोसावे.) तुकडा पूर्ण अक्षरावर तोडावा; काना-मात्रा अर्धवट सोडल्यावर सगळे ब्राउझर सारखे वागत नाहीत. आणि पाऊस किंवा पाणी यांसारखे दोन-तीन अक्षरी शब्द असतील तर सरळ दोनदा शोधावे, एकदा मूळ रूप, एकदा सामान्यरूप. व्याकरणाच्या तासाला ज्याचा कंटाळा यायचा ते सामान्यरूप इथे असे उपयोगी पडते.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारे पण संगणकाला वेगळे असणारे शब्द. 'ॲप' हा शब्द मराठीत तीन तऱ्हांनी टंकलेला सापडतो. हिंदीच्या वळणाचा 'ऍप', 'अ' लिहून वर चंद्र दिलेला 'अॅप', आणि मराठीसाठी स्वतंत्र अक्षर वापरून लिहिलेला 'ॲप'. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ साली, पाचव्या आवृत्तीच्या पहिल्या सुधारणेत. तोवर लोकांनी आपापली सोय लावून घेतली होती आणि ती सवय वर्तमानपत्रांत अजून चालू आहे. दुसरा आणि तिसरा प्रकार छापल्यावर ओळखू येत नाहीत. सांकेतिक क्रमांक मात्र वेगळे. 'ऱ्य'चेही तेच. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक मराठी माणसाला कळतो, 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला तर पंक्तीला बसलेल्यांनाही कळतो. पण तो आडवा रफार संगणकात दोन मार्गांनी लिहिता येतो: एकात 'ऱ' हे वेगळे अक्षर, दुसऱ्यात साधा 'र' आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. काही ब्राउझर हे भेद पोटात घालतात, काही घालत नाहीत. आकड्यांचे तसेच, '१५००' शोधल्यावर इंग्रजी आकड्यांतले पंधराशे सापडेलच याचा भरवसा नाही. म्हणून शून्य निकाल आला की लगेच 'पानात नाही' असे ठरवू नये. शब्द दुसऱ्या तऱ्हेने लिहून पाहावा. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच पानावर तो शब्द एकदा डोळ्यांनी गाठून तिथूनच कॉपी करायचा आणि शोधाच्या चौकटीत चिकटवायचा.

जुन्या पुस्तकांत शोधताना आणखी एक पायरी असते. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या मजकुरात 'काही' नाही, 'कांहीं' आहे. 'येथे' नाही, 'येथें' आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, अनेक जुनी पुस्तकेही वेबवर टंकून ठेवलेली आहेत. तिथे आजच्या शुद्धलेखनाचा आग्रह धरून चालत नाही.

शिवाय पानातला शोध फक्त उतरलेल्या पानात होतो. खाली सरकवत जाल तसतसा पुढचा मजकूर उतरणारी पाने असतात. न उतरलेल्या भागात शोध जाऊ शकत नाही. मोबाइलवर मिटून ठेवलेले परिच्छेद पुष्कळदा उघडावे लागतात. चित्रातली अक्षरे हे चित्रच असते. एक नवी सोय मात्र चांगली आहे. क्रोममध्ये एखादे वाक्य निवडून उजवी कळ दाबली की त्या वाक्याचाच दुवा कॉपी करता येतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवला की समोरच्याचा ब्राउझर पान उघडून नेमका त्या ओळीवर थांबतो आणि ती रंगवून दाखवतो. 'लेख वाच, मध्ये कुठेतरी आहे' हे सांगणे त्यामुळे वाचते.

आणि मराठीतला सर्वांत मोठा हरवलेला मजकूर पीडीएफमध्ये आहे. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टंकन चालायचे. त्यांत देवनागरी अक्षराचे फक्त रूप असते, आतला संकेत रोमन अक्षराचा. डोळ्यांना 'ग्रामपंचायत' दिसते, संगणकाला इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला. असा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की तो काला उघड दिसतो. तिथे देवनागरीतला कोणताही शब्द कधीच सापडणार नाही. पानातल्या शोधाला नाही आणि गूगललाही नाही. कागद स्कॅन करून चढवलेल्या फायलीची गत वेगळी नाही, तिच्यात अक्षरे नसतातच. हल्ली प्रतिमेतून अक्षरे ओळखणारी साधने मराठीत बऱ्यापैकी चालतात. गूगल ड्राइव्हमधली पीडीएफ डॉक्समध्ये उघडली की मजकूर हाती येतो, मात्र जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात. युनिकोडमध्ये टंकलेली पीडीएफही दर वेळी निर्दोष नसते. बनवताना वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचा क्रम बिघडतो, आणि छान दिसणाऱ्या पानातला 'विधान' शोधताच येत नाही.

म्हणून सोसायटीचे सचिव, शाळेचे कारकून, ग्रामपंचायतीचे संगणकचालक, छोट्या मासिकांचे संपादक, म्हणजे वेबवर मराठी मजकूर चढवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. फाइल चढवण्यापूर्वी ती ब्राउझरमध्ये उघडा, कंट्रोल-एफ दाबा आणि पहिल्याच ओळीतला एखादा जोडाक्षराचा शब्द शोधून पाहा. सापडला नाही तर ती फाइल पुन्हा तयार करा, युनिकोडमध्ये करा, आणि मगच चढवा.